नवव्या टाक्यातला वळसा

विमानावर सही करणं म्हणजे काय असतं, हे माझ्या घरात कोणालाच धड कळत नाही. नवऱ्याला वाटतं कुरिअरवाल्याच्या कागदावर करतात तशी काहीतरी. मी विमानं दुरुस्त करते, लहान, पुढे पंखा असलेली. काम झालं की त्या विमानाच्या वहीत लिहिते, हे उडायला ठीक आहे, आणि खाली सही ठोकते. उद्या वर काही बिघडलं तर पहिला फोन मला यायचा. वीसेक वर्षं हे करतेय आणि तसला फोन अजून आलेला नाही. हे मी फुशारकीने सांगतेय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ज्या विमानाची मी सर्वांत जास्त फुशारकी मारते, त्याच्यावरची माझी पहिली सही चुकली होती.

ते विमान कॅप्टनचं. कॅप्टन म्हणजे मुलुंडचे एक रिटायर्ड वैमानिक, सत्तरीला टेकलेले, अजून ताठ. जन्मभर त्यांनी शेकडो माणसं बसतात अशी विमानं चालवली आणि रिटायर झाल्यावर एकच माणूस बसेल असं विमान घेतलं. कसरतीचं विमान. वर दोन पंख, खाली दोन पंख, मध्ये एक खुर्ची, बस्स. त्याचा जन्मच मुळी कोलांट्या मारायला आणि उलटं उडायला झालेला. लाकूड आणि कापडाच्या जमान्यातलं युरोपातलं काम. असली आता फार थोडी उरलीत आणि जी उरलीत त्यातली बरीचशी दोरीमागे, 'हात लावू नये' अशा पाटीखाली उभी आहेत. हे मात्र खोक्यांत भरून अंधेरीला आलं. औद्योगिक वसाहतीतला एक लांबट गाळा कॅप्टननी घेतला होता. एका अंगाला लिफ्टचे दरवाजे बनवणारा, दुसऱ्या अंगाला फरसाणवाला. दुपारी शेवेचा घाणा सुरू झाला की गाळ्यात उभं राहून विमानाचा विचार करणं कठीण जायचं.

खोकी उघडली त्या दिवशी मी ती खुर्ची बघितली. परातीएवढी. मी विचारलं, "कॅप्टन, याच्यावर शिकायचं कसं? शिकवणारा बसणार कुठे?"

"शिकवणारा खाली उभा राहतो आणि देवाचं नाव घेतो," कॅप्टन म्हणाले.

त्यांना ते विमान एकदा उडवायचं होतं. एकदाच, पण पुरतं, उलटंसुलटं. मी साठवलेली सगळी रजा काढली आणि कामाला लागले.

इंजिन झालं, लाकूड झालं, तारा झाल्या. मग आलं कापड. पंख म्हणजे लाकडी सांगाडा, त्यात ओळीने फासळ्या, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी कापड. हे कापड इस्त्रीने आकसवून ताणतात. हो, साधी इस्त्री, फक्त किती तापलीय ते मोजून. नवऱ्याचा शर्ट मी आजवर इस्त्री केलेला नाही, पण विमानाला केली, आणि तसा फोटोही त्याला पाठवला. कापड ढोलकीसारखं वाजायला लागलं की ते फासळ्यांना शिवून टाकायचं. कारण वर हवा त्याला खेचते. सरळ उडताना एका बाजूने, उलटं उडताना दुसऱ्या. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा, दर अडीच बोटांवर एक टाका आणि प्रत्येक टाक्याला स्वतःची गाठ. एखादा टाका तुटला तरी शेजारचा हलता कामा नये. गाठी सरकल्या तर कापड फुगणार, फाटणार, आणि मग त्या एका खुर्चीतल्या माणसाची वाट लागणार.

माझ्या गाठी सरकत होत्या. तीन दिवस मी पुस्तकातलं चित्र समोर ठेवून बसले. बांधते, ओढते, सरकते. बांधते, ओढते, सरकते. चिडून मी सुई फेकली ती गाळ्याच्या शटरवर जाऊन आदळली. कॅप्टननी ती उचलली, पुसली आणि माझ्यासमोर ठेवली, त्याने मी आणखीच चिडले. चौथ्या दिवशी पुस्तक चुकून उलटं ठेवलं गेलं आणि माझी ट्यूब पेटली. ही गाठ मी बघितलीय. कळायला लागल्यापासून रोज बघितलीय. आमच्या मनोरीच्या घराच्या ओट्यावर, माझ्या बापसाच्या हातात.

माझा बापूस जाळी विणणारा. आम्ही मनोरीचे ख्रिस्ती, घरात मराठीच बोलतो, बापसाला अरे-तुरेच करतो. पूर्वी गावातल्या निम्म्या बोटींवर त्याच्या हातचं जाळं असायचं. मग यंत्राची नायलॉनची जाळी तयार मिळायला लागली आणि ओटा रिकामा पडला. आता तो किनाऱ्यावरच्या सुट्टीवाल्यांच्या कॉटेजांसाठी दोरीचे झोपाळे विणतो. "ढुंगणासाठी जाळी विणतो मी आता," असं येईल त्याला सांगतो. आणि मी त्याची मुलगी, मला त्यातली एक गाठ येत नव्हती. लहानपणी सुईला हात लावला की हातावर फटका बसायचा. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मार्वेहून फेरी पकडली. बापूस ओट्यावर झोपाळा विणत होता. मी पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं.

"पप्पा, विमान शिवायचंय."

"कापड शिवायला शिंपी बघ. मना काय विचारतेस?"

"चित्र बघ ना आधी."

त्याने चष्मा लावला, पुस्तक फिरवलं, परत फिरवलं. "ही आपलीच गाठ हाय," तो म्हणाला. "काढणाऱ्याने उलटी काढलीय. कोन हाय तो?"

"इंग्रज असेल कोणीतरी."

"त्याच्या बापाने पन जाळीच विणली असनार," बापूस म्हणाला आणि आत जाऊन शर्ट घालून आला. इतका घाईने की आई दारात येऊन विचारायला लागली, कोण गेलं.

त्यानंतर तो रोज आला. सकाळची फेरी, मार्वेहून मालाडची बस, मालाडहून दुसरी बस, आणि हातात डबा. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. सुकटीचा डबा उघडला की फरसाणवालासुद्धा नाक धरायचा, आणि त्याचं आम्हाला बरं वाटायचं. पहिल्या दिवशी बापसाने विमानाभोवती एक फेरी मारली. कॅप्टनना वाटलं, आता तो काहीतरी छान म्हणेल. तो म्हणाला, "होडीपेक्षा लहान हाय."

"हो," कॅप्टन म्हणाले.

"आनि माणूस एकच."

"एकच."

"तांडेल कोन? तुमी?" तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, ज्याच्या शब्दावर बोट चालते. कॅप्टननी मान हलवली, आणि त्या दिवसापासून बापूस त्यांना तांडेल म्हणायला लागला. कॅप्टन त्याला मास्तर म्हणत. मी दोघांच्या मध्ये, दोघांचं ऐकून घेणारी. माझा स्वभाव बघता हे किती दिवस टिकेल, यावर फरसाणवाल्याने माझ्याशी पैज लावली होती.

पंख शिवताना तो आडवा ठेवत नाहीत, कडेवर उभा करतात. एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला. इकडून सुई घातली की तिकडच्याने ती ओढून परत इकडे पाठवायची. गाठ एकाच बाजूला येते, पंखाच्या खालच्या बाजूला. ती बाजू बापसाची. मी पलीकडे. आमच्या मध्ये ताणलेलं पांढरं कापड, त्यातून फक्त सुईचं टोक बाहेर येतंय. तीनेक आठवडे मी माझ्या बापसाचा चेहरा न बघता त्याच्याशी बोलले. समोरासमोर आम्ही दोन वाक्यांत भांडतो. कापडाच्या आडून माणूस वेगळा बोलतो, हे मला तेव्हा कळलं.

एकदा मी विचारलं, "मला का नाही शिकवलंस कधी? फटके मारायचास."

सुई तिकडेच थांबली. मग आली. "शिकवली असती तर तू ओट्यावरच बसली असतीस. चांगला हात होता तुझा. म्हणून मारलं."

मी सुई परत पाठवली. थोड्या वेळाने म्हणाले, "कसला चांगला हात. तीन दिवस गाठ सरकत होती."

"आता खराब झालाय," तो म्हणाला.

दुसऱ्या एका दिवशी त्याने एका जाळ्याची गोष्ट सांगितली. माझ्या जन्माच्या आधीची. वादळात जाळं तुटून वाहून गेलं. सगळ्यांनी पाणी सोडलं त्याच्यावर. दोन महिन्यांनी पार खालच्या, दूरच्या गावाहून निरोप आला, तुमचं जाळं आमच्याकडे लागलंय, घेऊन जा. "हात ओळखला त्यांनी," बापूस म्हणाला. "तवा ओळखायचे. कोनत्या घरचं जाळं ते बगून समजायचं. आता यंत्राच्या जाळ्याला कसला हात." मी फक्त हं म्हटलं. कसा ओळखला, हे मला विचारायला हवं होतं. मी सुईकडे बघत होते.

चारी पंख झाले. मी अंतर तपासलं. खुणांची पट्टी लावून टाक्यामागून टाका, एकही अडीच बोटांच्या बाहेर नव्हता. दोरा तपासला, मेण तपासलं, कापडाचा ताण तपासला. गाठ तपासली नाही. माणसाने स्वतःच्या बापाची गाठ कुठे तपासायची असते? मी वहीत लिहिलं, टाके पुस्तकाप्रमाणे, आणि सही ठोकली.

आता त्या टाक्यांवरून पट्ट्या चिकटवायच्या आणि रंग द्यायचा. त्याआधी तपासनीस येऊन बघतात, कारण एकदा पट्टी बसली की आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. तपासनीस आले. सडपातळ, हळू बोलणारे, चष्मा डोक्यावर. बापूस त्या दिवशी पँटीत शर्ट खोचून आला होता आणि चपला काढून स्टुलावर बसला होता. कॅप्टन हात मागे बांधून उभे. शेजारी शेवेचा सोऱ्या खडखडत होता.

तपासनीस पंखाच्या खालच्या बाजूला वाकले आणि एका फासळीवरून बोट फिरवत गेले. अर्ध्यावर थांबले. मागे आले. परत गेले. मग दुसरी फासळी, मग तिसरी.

"बाई, इकडे या," ते म्हणाले. "हा टाका बघा. आणि हा. आणि हा."

मी बघितला. सगळ्या गाठी एकसारख्या, तांदळाच्या दाण्यासारख्या. पण मध्येच एक जरा जाड. त्यात एक वळसा जास्तीचा. मी मोजलं. नववा. अठरावा. सत्ताविसावा. चारी पंखांवर, एकाही फासळीवर न चुकता, दर नववा.

मी म्हटलं, "सर, जास्तीचा वळसा आहे. गाठ उलट घट्ट झालीय. कमजोर तर नाही ना झाली."

"असेल घट्ट. पुस्तकात आहे का?"

"नाही."

"तुम्ही सही केलीये, पुस्तकाप्रमाणे म्हणून." ते रागावलेले नव्हते, हे जास्त वाईट. "मजबूत आहे का हे मी विचारत नाहीये. जे लिहिलंय ते आहे का, एवढंच बघतो. एका फासळीला एक सलग दोरा, त्यामुळे मधला एक टाका काढून चालणार नाही. सगळं उसवून परत शिवा. मग मी येतो."

बरोबर बोलत होते. तिसऱ्या कोणाचं काम असतं तर मीही हेच म्हटलं असतं, आणि दहापट मोठ्या आवाजात. पण माझं डोकं फिरलं होतं. मी वळले आणि सगळ्यांदेखत बापसावर ओरडले.

"कोणी सांगितलं होतं तुला, पप्पा? चित्र दाखवलं होतं ना? स्वतःची अक्कल कशाला लावलीस?"

बापूस स्टुलावरून उठला. पंखाजवळ गेला, तपासनीस जिथे बोट ठेवून होते तिथे त्याने स्वतःचं बोट ठेवलं.

"ही आपल्या घराची खूण हाय," तो म्हणाला. माझ्याशी नाही, तपासनिसांशी. "नववी गाठ जाडी. माझ्या बापाची पन हीच. जाळं वाहून गेलं, कुटं लागलं, तर समजावं कोनाचं ते." मग म्हणाला, "मना लिवता येत नाय तुमच्या वहीत. म्हणून इथे लिवलं."

वहीत त्याचं नाव येणारच नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि मी त्याला सांगितलंही होतं, हसत हसत. लायसन माझं, म्हणून काम कोणीही करो, नाव माझं लागणार. असाच नियम आहे. त्याने तेव्हा मान हलवली होती. मला वाटलं होतं, त्याला काही फरक पडत नाही. मी किती मूर्ख असू शकते याची मला त्या दिवशी नव्याने ओळख झाली.

कॅप्टन पुढे झाले. "साहेब, विमान माझं आहे, जीव माझा आहे. मला चालतं हे."

"मला चालत नाही," तपासनीस म्हणाले.

"यांचं बरोबर हाय, तांडेल," बापूस म्हणाला. खिशातून त्याने छोटी सुरी काढली, तीच, जिने तो झोपाळ्याच्या दोऱ्या कापतो, आणि आमच्यातल्या कोणाला काही सुचायच्या आत पहिल्या फासळीचा पहिला टाका कापला. मग दुसरा. मी त्याचा हात धरायला गेले. "सोड," तो म्हणाला. "मोडायचं तर आपल्या हाताने मोडायचं. दुसऱ्याने मोडलं तर जास्त लागतं."

तपासनिसांनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला आणि थोडा वेळ त्याचं कापणं बघत उभे राहिले. जाताना मला म्हणाले, "हात फार सुंदर आहे हो त्यांचा." मी खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा करायला लागले. बोलले असते तर रडले असते, आणि गाळ्यात मी रडत नाही.

परत सगळं. परत तो सकाळच्या फेरीने येतोय, परत सुकट, परत मध्ये पांढरं कापड. फक्त आता कोणी बोलत नव्हतं. सुई इकडून तिकडे, तिकडून इकडे. या वेळी मी प्रत्येक फासळी झाली की पलीकडे जाऊन गाठ न् गाठ तपासायची आणि तो बाजूला होऊन मला जागा द्यायचा. सगळ्या एकसारख्या. नववी कुठली ते देवालासुद्धा सांगता आलं नसतं. चार दिवस मी हे सहन केलं. पाचव्या दिवशी कापडाच्या आडून म्हटलं, "पप्पा, चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

"गाठ चुकली ना, मग बोलायलाच पायजे."

"तरी पण."

सुई आली, गेली, आली. मग तिकडून त्याचा आवाज आला. "मी इचार केला, गो बाय. जाळं समुद्रात हरवतं, म्हणून खूण. हे तर आपन हरवायसाठी शिवत नाय. तांडेल वर जानार, खाली येनार. आपल्यासमोरच येनार. मग खूण कशाला?"

त्याला खरंच पटलंय की माझी समजूत काढतोय, हे मला कळलं नाही, कारण मध्ये कापड होतं.

तपासनीस परत आले, दोन तास बघितलं, आणि कॅप्टनकडे न बघता बापसाकडे बघून म्हणाले, "उत्तम." पट्ट्या बसल्या. रंग झाला, लाल, वरती पांढरा पट्टा. गाठी कायमच्या झाकल्या गेल्या. मग तपासनीस शेवटची पाहणी करायला आले आणि माझ्यासमोर वही आली. पंखांचं काम, पुस्तकाप्रमाणे, तपासलं, उडायला ठीक. खाली माझं नाव, खाली सही.

माझी सही साधी आहे. लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही, त्यावरून सासरी एक आख्खा गणपती भांडणात वाया गेला होता. सहीत शेवटी आडनाव येतं, म्हणजे बापसाचं. मी आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत आले आणि पेन उचलायच्या ऐवजी त्याच्याभोवती आणखी एक वळसा घातला. जाड, घट्ट, दोरा ओढल्यासारखा.

तपासनिसांनी ती आधीच्या पानांवरच्या सह्यांशी ताडून बघितली. "ही तुमची सही नाही."

"आता हीच आहे, सर."

"मग नमुना बदलून द्यावा लागेल. अर्ज करा."

"करते," मी म्हटलं आणि केला. तीन प्रती, दोन फोटो, एक प्रतिज्ञापत्र. तेव्हापासून मी ज्या ज्या विमानाला उडायला पाठवलंय, त्या प्रत्येकाच्या वहीत तो वळसा आहे.

मुंबईच्या आभाळात असले धंदे कोणी करू देत नाही, त्यामुळे विमान पंख सोडवून ट्रकने घाटापलीकडच्या एका लहान धावपट्टीवर नेलं. बापूस ट्रकमध्ये मागे बसून आला, रिकाम्या गोणपाटांवर, कारण त्याला पंखांवर लक्ष ठेवायचं होतं. पंख परत जोडले. कॅप्टन त्या परातीएवढ्या खुर्चीत शिरले, पट्टे आवळले, आणि एकटे गेले.

आम्ही गवतात उभे. विमान वर वर गेलं, इतकं की लाल ठिपका राहिला. मग ठिपका घसरला, वळला, एक मोठी गिरकी घेऊन परत सरळ झाला. मी श्वास घेतला. मग ते आडवं होता होता पुरतं उलटं झालं आणि तसंच, डोकं खाली, आमच्या समोरून गेलं. कितीतरी वेळ.

"आता उलटा हाय ना तो?" बापसाने विचारलं.

"हो."

"म्हणजे माझी बाजू वर."

"हो, पप्पा. गाठींची बाजू वर."

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली, चर्चमध्ये धरतो तशी. विमान सरळ होईपर्यंत त्याने ती परत घातली नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी त्याला ते तिथल्या तिथे सांगून टाकलं. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण टोपी उलटी घातली.

कॅप्टन उतरले ते पाच वर्षांच्या मुलासारखे हसत. आधी बापसाकडे आले. "मास्तर, एक धागा हलला नाही." बापूस सरळ पंखाखाली वाकला आणि हाताने चाचपत टोकापर्यंत गेला. परत आला तेव्हा कॅप्टननी खुर्चीमागून वही काढून त्याच्या हातात दिली. "हे बघा. तुमच्या मुलीची सही."

इंग्रजी त्याला वाचता येत नाही. त्याने वही लांब धरली, जवळ धरली. अक्षरांवरून बोट नेलं, शेवटच्या अक्षरापाशी आलं, आणि तिथे थांबलं. बोट त्या वळशावरून एकदा फिरलं. मग परत एकदा.

"वळसा उलटा घातलायस," तो म्हणाला.

"काय?"

"आपला उजवीकडून येतो. हा डावीकडून आलाय. दुसऱ्याच घराचा वाटतो."

कॅप्टन हसायला लागले. बापूस हसला नाही. त्याने वही नीट मिटून कॅप्टनना परत दिली, खिशात हात घालून मेणाच्या दोऱ्याचा उरलेला तुकडा काढला आणि गवतात पंखाच्या सावलीत मांडी घातली.

"बस इथे," तो म्हणाला. "हात पुढे कर."